छोटी फोर बाय फोर गाडी घेण्यापूर्वी : चाचणी कशी घ्यावी आणि काय तपासावे

शोरूमकडून मिळणारी चाचणी फेरी बहुधा गुळगुळीत डांबरी रस्त्यावरची, दहा-पंधरा मिनिटांची असते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची शक्ती देऊ शकणाऱ्या, गाडीच्या ज्या यंत्रणेसाठी आपण जास्तीचे पैसे मोजणार असतो, ती यंत्रणा त्या फेरीत एकदाही कामाला लागत नाही. परिणामी ग्राहक दिसण्यावर भाळून गाडी घेतो आणि नंतर रोजच्या प्रवासात ती दणकते म्हणून कुरकुरतो, किंवा त्याच दणक्यांना घाबरून अशी गाडी नाकारतो जी त्याच्या गावच्या पाणंदीवर पावसाळ्याचे चार महिने खरोखर उपयोगी पडली असती. ही चाचणी नीट, क्रमाने कशी घ्यावी, हे येथे सविस्तर मांडले आहे. मुख्य उदाहरण म्हणून मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी घेतली आहे. जून २०२३ मध्ये भारतात आलेली ही गाडी ३,९८५ मिलिमीटर लांब आणि केवळ १,६४५ मिलिमीटर रुंद असून तिच्या दोन्ही व्हेरिएंटमध्ये फोर बाय फोर यंत्रणा आहे. त्यामुळे लहान आकाराची खरी फोर बाय फोर म्हणजे काय, हे समजून घ्यायला तिच्याइतके सोयीचे उदाहरण सध्या आपल्या बाजारात नाही.

आधी रस्ता ठरवावा, मग गाडी

शोरूमला जाण्यापूर्वी गेल्या वर्षभरात आपली गाडी नेमकी कोठे अडली, याची प्रामाणिक यादी करावी. खड्डे, उंच गतिरोधक आणि उखडलेली खडी यांसाठी चारही चाकांना शक्ती मिळण्याची गरज नसते. तेथे गाडीची जमिनीपासूनची उंची आणि चांगले टायर पुरतात, आणि ते दोनच चाकांना शक्ती मिळणाऱ्या पुष्कळ गाड्यांमध्ये कमी पैशांत मिळतात. पकड सुटते तेथे मात्र प्रश्न वेगळा होतो. भोर-वेल्ह्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला वाडीवर जाणारा चढाचा मातीचा रस्ता, जुलैमध्ये शेवाळलेला जांभ्या दगडाचा उतार, काळ्या मातीचा शेतरस्ता, ओढ्याच्या वाळूतून काढलेली वाट, अशा ठिकाणी मागचे एक चाक जागच्या जागी फिरू लागले की उंचीचा काही उपयोग उरत नाही. हिमालयात जाणाऱ्यांसाठी आणखी एक व्यावहारिक कारण आहे : मनालीच्या वरच्या भागात हिमवृष्टीनंतर पोलीस अनेकदा फोर बाय फोर गाड्यांनाच पुढे सोडतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की, वर्षातून एकदा लडाखला जायचे म्हणून अशी गाडी घेऊ नये. तेवढ्यासाठी ती भाड्याने मिळते. घर, शेत किंवा काम अशा रस्त्याच्या टोकाला असेल, किंवा डोंगरात भटकणे हाच आपल्या सुट्ट्यांचा कायमचा भाग असेल, तर मात्र तिच्या बाकीच्या गैरसोयी सोसण्याजोग्या ठरतात. त्या गैरसोयी थोड्या नाहीत आणि चाचणीत त्याच आधी तपासायच्या आहेत.

यंत्रणेतील फरक

बाजारात ‘फोर बाय फोर’ आणि ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात, पण दोन्ही गाड्यांची कामे वेगळी आहेत. मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्तीत एरवी पुढची चाके ओढतात आणि ती घसरू लागली की संगणक मधल्या क्लचमार्फत मागच्या चाकांकडे शक्ती पाठवतो. चालकाला फारसे काही करावे लागत नाही आणि ओल्या घाटात, हलक्या चिखलात किंवा बर्फात ही व्यवस्था उत्तम काम करते. मात्र तिच्यात लो-रेंज, म्हणजे गती साधारण निम्मी करून चाकांवरची ताकद वाढवणारी गिअरची वेगळी जोडी, नसते.

जिम्नी, महिंद्रा थार आणि फोर्स गुरखा या दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. त्यांची बॉडी शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर बसवलेली असते. एरवी मागची दोन चाके गाडी ढकलतात आणि चालकाने लिव्हर किंवा नॉबने फोर बाय फोर लावल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट, म्हणजे चाकांकडे शक्ती नेणारे दांडे, एकमेकांशी घट्ट जोडले जातात. जिम्नीत या लिव्हरच्या तीन स्थिती आहेत : रोजच्या वापराची टू-एच, घसरड्या रस्त्यासाठी फोर-एच आणि अवघड जागेसाठी फोर-एल. थारमध्ये ऑफ-रोडला उपयोगी अशी ताकद जास्त आहे, तिची जमिनीपासूनची उंची जिम्नीच्या २१० मिलिमीटरच्या तुलनेत २२६ मिलिमीटर आहे आणि तिला डिझेल इंजिनही मिळते, पण ती १,८२० मिलिमीटर रुंद आहे. जुन्या गावठाणातल्या बोळांत किंवा दोन्ही बाजूंनी गडगे असलेल्या कोकणातल्या वाटेवर हा पावणेदोनशे मिलिमीटरचा फरक निर्णायक ठरतो. थार पाहताना एक सावधगिरी बाळगावी. तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही मिळते आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. गुरखा या सर्वांत अवजड, पण तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शिअलना (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) चालकाच्या हातातले, दोन्ही चाके एकत्र फिरवणारे लॉक आहे, आणि ज्यांची वाट खरोखरच वाईट आहे त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

शोरूमला फोन करताना

चाचणीची वेळ ठरवतानाच तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. आपल्याला हवा तोच गिअरबॉक्स असलेली डेमो गाडी मिळावी, फेरी किमान पाऊण तासाची असावी, आणि तिच्यातला काही भाग मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर घेऊन फोर-एच व फोर-एल वापरून पाहता यावे. अनेक विक्रेते तिसऱ्या मागणीला प्रथम नकार देतात. तेव्हा व्यवस्थापकाशी बोलावे, किंवा कंपनी ऑफ-रोड अनुभवाचे कार्यक्रम घेते तेव्हाची तारीख मागावी. दोन्ही जमत नसेल, तर ओळखीतल्या एखाद्या गाडीमालकाला विनंती करावी. असे मालक बहुधा उत्साहाने गाडी दाखवतात आणि विक्रेत्यापेक्षा खरे बोलतात. वाहनपरवाना जवळ ठेवावा आणि डेमो गाडीचा विमा चालू आहे ना, हे गाडीत बसण्यापूर्वी विचारावे.

घरातली जी माणसे नेहमी मागच्या सीटवर बसणार आहेत त्यांना बरोबर न्यावे, विशेषतः आई-वडिलांना. नेहमीची प्रवासी बॅग आणि मोजपट्टीही न्यावी.

उभ्या गाडीची तपासणी

जिम्नी चारच माणसांची गाडी आहे आणि कागदोपत्रीही तिला चारच सीट आहेत. पाच जणांच्या कुटुंबाने येथेच थांबून दुसरी गाडी पाहिलेली बरी. मागची सीट उभी असताना सामानाची जागा २०८ लिटर आहे, म्हणजे एक मोठी आणि एक लहान बॅग. सीट पाडल्यावर ती ३३२ लिटर होते, पण मग प्रवासी दोनच उरतात. आपली बॅग प्रत्यक्ष ठेवून पाहावी. मागचे दार वर न उघडता बाजूला उघडते आणि त्यावरच स्टेपनी लटकवलेली असते. त्यामुळे घरच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून किती अंतर ठेवावे लागेल, ते मोजून घ्यावे. वयस्क माणसांना दोन-तीनदा चढ-उतार करायला लावावे. एकदा चढणे कोणालाही जमते.

चालकाच्या सीटवर बसून बॉनेटचे दोन्ही कोपरे दिसतात का, ते पाहावे. जिम्नीचे सपाट बॉनेट आणि उभ्या काचा केवळ दिसण्यासाठी नाहीत. अरुंद वाटेवर चाक नेमके कोठे पडणार आहे, याचा अंदाज त्यामुळेच येतो आणि हा तिचा मोठा गुण आहे. त्यानंतर खाली वाकून गाडीच्या पोटाकडे पाहावे. मागच्या अॅक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर) डिफरन्शिअलचा गोल फुगवटा दिसेल. अशा गाडीत बहुधा तोच सर्वांत खालचा भाग असतो आणि वाटेतला मोठा दगड आधी त्यालाच लागतो. पुढचा कोन (पुढचा भाग न टेकता किती तीव्र चढ घेता येतो) ३६ अंशांचा आणि पोटाखालचा (पोट न टेकता केवढा उंचवटा ओलांडता येतो) २४ अंशांचा, असे आकडे विक्रेता सांगेल. यातला पोटाखालचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पाच दारांच्या जिम्नीतील दोन अॅक्सलमधले अंतर परदेशात मिळणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीपेक्षा ३४० मिलिमीटरने जास्त आहे. बांध ओलांडताना अशा गाडीचे पोट आधी टेकते.

डांबरी रस्त्यावरची चाचणी

ही चाचणी चार माणसे बसवून आणि एसी चालू ठेवून घ्यावी. एकट्याने चालवलेली जिम्नी आणि भरलेली जिम्नी या वेगळ्या वाटतात. १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन टर्बोशिवायचे आहे, त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, १३४ न्यूटन-मीटर आहे आणि तोही मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर मिळतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप संपला की दुसरा टाकावाच लागतो. पुण्याच्या माणसाने कात्रजचा जुना घाट, साताऱ्याच्या माणसाने यवतेश्वरचा रस्ता किंवा आपल्या शहराजवळचा जो चढ असेल तो फेरीत घालून घ्यावा. ऑटोमॅटिक आवृत्तीला चारच गिअर आहेत. शहरातल्या खोळंब्यात ती सुखाची वाटते, पण महामार्गावर ट्रकला ओलांडताना गिअर खाली पडतो, इंजिन ओरडते आणि वेग सावकाश वाढतो. हा अनुभव चाचणीतच घ्यावा आणि तो पटत नसेल तर मॅन्युअल घ्यावी.

स्टीअरिंगकडे विशेष लक्ष द्यावे. नेहमीच्या गाड्यांतल्या दात्यांच्या पट्टीऐवजी येथे खडबडीत वापराला टिकणारी, गोळ्यांवर फिरणारी जुनी पद्धत आहे. ८० च्या वेगाला सरळ जाताना मध्यभागी थोडे ढिलेपण जाणवते आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ होण्यास वेळ लागतो. हा दोष नाही, या रचनेचा तो स्वभावच आहे, पण तो आपल्याला आवडतो की नाही हे आधी कळायला हवे. दोन्ही अॅक्सल एकसंध असल्यामुळे एका चाकाखाली खड्डा आला की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि गाडी डोलते. हे मागच्या सीटवर जास्त जाणवते. म्हणून फेरीचा निम्मा भाग स्वतः मागे बसून, दुसऱ्याला चालवायला देऊन करावा. खराब डांबर ३० च्या वेगाने, गतिरोधक २० च्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर ८० ते १००, मागे कोणी नाही हे पाहून एकदा जोराचा ब्रेक आणि शेवटी अरुंद जागेत यू-टर्न, एवढे सर्व व्हायला हवे.

मातीवरची चाचणी

हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो सावकाश करावा. जागा निवडताना ओले गवत, मुरुमाचा चढ, बांधकामाजवळची खडी किंवा ओसाड माळ चालेल, मात्र जागामालकाची परवानगी हवी. समुद्रकिनारा निवडू नये. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे हा गुन्हा आहे, आणि कोकणात भरतीच्या वेळी वाळूत रुतलेली गाडी वाचत नाही. वाट आधी पायी चालून पाहावी. गवतात लपलेला दगड किंवा खुंट कोणत्याही यंत्रणेला कळत नाही.

प्रथम टू-एचमध्येच तो चढ चढण्याचा प्रयत्न करावा. मागची चाके खडी उडवू लागतील त्या जागेची खूण लक्षात ठेवून गाडी खाली आणावी. आता फोर-एच टाकावे. जिम्नीत हा बदल गाडी सरळ चालत असताना १०० च्या आतल्या वेगाला करता येतो, पण प्रथमच करताना तो थांबून किंवा अगदी हळू करावा. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा स्थिर झाला का, ते पाहावे. तो लुकलुकत असेल तर जोड पूर्ण बसलेला नाही, आणि गाडी काही मीटर सरळ पुढे नेली की बहुधा बसतो. त्याच चढावर आता खडी न उडवता गाडी वर गेली, तर चारही चाकांना शक्ती मिळणे म्हणजे काय, हे कोणत्याही माहितीपत्रकाशिवाय कळते.

येथे एक नियम पक्का लक्षात ठेवायचा आहे : कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच किंवा फोर-एल टाकून वळण घेऊ नये. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट घट्ट जोडलेला असून मध्ये डिफरन्शिअल नसते, त्यामुळे हा फरक भरून काढायला चाकाला थोडे घसरावे लागते. मातीवर ते सहज घसरते. डांबरावर घसरत नाही आणि सगळा ताण गिअर व शाफ्टमध्ये साठतो. स्टीअरिंग जड होणे, गाडी अडखळणे आणि लिव्हर टू-एचला परत न येणे ही त्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी, म्हणजे ताण सुटतो. डेमो गाडी दाखवणाऱ्या विक्रेत्याला हा नियम माहीत आहे का, ते विचारून पाहावे. त्याच्या उत्तरावरून त्या शोरूमच्या पुढच्या सेवेचाही अंदाज येतो.

त्यानंतर फोर-एल. गाडी पूर्ण थांबवावी, क्लच दाबावा (ऑटोमॅटिक असल्यास न्यूट्रलमध्ये आणावी), लिव्हर खाली दाबून मागे ओढावी. आता पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून दोन्ही पाय बाजूला ठेवावेत. गाडी माणसाच्या चालण्यापेक्षाही सावकाश, स्वतःहून पुढे सरकते. तशीच ती उतारावर सोडावी. इंजिनच तिला धरून ठेवते आणि ब्रेकला हात लावायची गरज सहसा पडत नाही. नवशिक्यांना उतारावर भीती वाटते ती ब्रेक दाबून चाके घसरण्याची, आणि तीच भीती येथे निघून जाते. हिल डिसेंट कंट्रोलचे (उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचे) बटण दाबूनही एकदा उतरून पाहावे, मग आपल्याला कोणती पद्धत जास्त विश्वासाची वाटते ते ठरवावे. याच वेळी चढावर रिव्हर्समध्ये गाडी चढवून पाहावी. टू-एचमध्ये यासाठी क्लच बराच घासावा लागतो, फोर-एलमध्ये जवळजवळ लागत नाही. ट्रॉली मागे ढकलणाऱ्या किंवा अडलेल्या वाटेवरून मागे यावे लागणाऱ्या माणसाला या फरकाची किंमत लगेच समजेल.

शेवटची परीक्षा तिरक्या खड्ड्यांची. पुढचे एक चाक आणि मागचे विरुद्ध बाजूचे चाक एकाच वेळी खोलगट भागात जाईल, अशी जागा शोधावी. तेथे दोन चाके अधांतरी होतात आणि साधे डिफरन्शिअल नेमकी त्यांनाच शक्ती देत राहते. जिम्नीत लॉक नाही. त्याऐवजी मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून शक्ती पकड असलेल्या चाकाकडे वळवणारी व्यवस्था आहे. ती काम करायला एक-दोन सेकंद घेते आणि तेवढ्यात खरखर असा आवाज येतो. या आवाजाने घाबरून बहुतेक लोक अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतात आणि गाडी अडकते. पाय न उचलता हलका, एकसारखा दाब ठेवावा. गाडी बाहेर येते. चाचणी संपताच डांबरावर येण्यापूर्वी टू-एच टाकून दिवा विझल्याची खात्री करावी.

हे सर्व करताना टायर कोणते आहेत, तेही पाहावे. कंपनीकडून येणारे टायर महामार्गाच्या नक्षीचे असतात आणि चिकट काळ्या मातीत त्यांच्या खाचा भरून ते गुळगुळीत होतात. त्यामुळे चिखलात डेमो गाडी अडली तर दोष लगेच यंत्रणेला देऊ नये.

खर्चाचा हिशेब

लांबी चार मीटरच्या आत असली तरी जिम्नीचे पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपेक्षा मोठे असल्याने सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी दरांत ती १८ टक्क्यांच्या लहान गाड्यांत बसत नाही, तिच्यावर ४० टक्के लागतो. शोरूम किमतीत तो धरलेला असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे पासिंग करताना १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के आणि तशाच डिझेल गाडीवर १४ टक्के एकरकमी वाहनकर आहे. म्हणजे १३ लाखांच्या पेट्रोल गाडीवर १ लाख ५६ हजार रुपये. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता आणखी एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची पावती जपावी. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचा दर मागवून तुलना करावी आणि पाण्यातून जाण्याची शक्यता असेल तर इंजिन संरक्षणाचे पूरक कलम जरूर घ्यावे.

जिम्नीच्या मॅन्युअल आवृत्तीचा अधिकृत अॅव्हरेज लिटरला १६.९४ किलोमीटर आहे, पण प्रत्यक्ष मिश्र वापरात १३ धरणे शहाणपणाचे. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरल्यास सुमारे ९७ हजार रुपये होतात. लिटरला १८ देणाऱ्या साध्या गाडीला तेवढ्याच अंतराला सुमारे ७० हजार लागतात. दरवर्षीचे हे २७ हजार रुपये आपल्या यादीतल्या अडलेल्या वाटांसाठी द्यायचे आहेत का, हा हिशेब घरात बसून शांतपणे करावा.

वापरलेली गाडी घेताना

जुन्या फोर बाय फोरमध्ये पैसे वाचतात, पण तपासणी नेहमीच्या गाडीपेक्षा कडक हवी. गाडी रॅम्पवर चढवून चासीच्या आतल्या बाजूचा गंज पाहावा, किनारपट्टीवर राहिलेली असल्यास अधिकच. डिफरन्शिअलचा प्लग उघडून थोडे ऑइल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर गाडी खोल पाण्यात गेली आहे आणि आत पाणी शिरले आहे. विक्रेता काहीही सांगो, दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल सील गळते का, ते पाहावे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत, कारण लहान-मोठ्या टायरांमुळे यंत्रणेवर तोच ताण येतो जो डांबरावर फोर-एच वापरल्याने येतो. फोर-एल सहज पडते आणि सुटते का, ते मातीवर नेऊन स्वतः पाहावे. कित्येक मालकांनी ती लिव्हर कधी हलवलेलीच नसते आणि ती अडकून बसलेली असते.

बाहेरून बदल केलेल्या गाड्यांपासून जपून राहावे. मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन आणि पुढच्या बाजूला लावलेला लोखंडी दांड्यांचा बुल-बार अशा गाड्यांत सर्रास दिसतात, पण नोंदणीतल्या मूळ रचनेत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत आणि बुल-बारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. अशी गाडी घ्यायचीच असेल तर सर्व भाग मूळ स्थितीत आणून देण्याची अट व्यवहारापूर्वी लेखी घालावी, आणि नंतरच टोकन द्यावे.